कॉमिक्स वाचायला घेताय? पहिल्या अंकापासून सुरू करू नका

मे महिन्यात भाची राहायला आली होती. सिनेमातले सुपरहिरो तिला तोंडपाठ आहेत. कोण कुठल्या भागात मेला आणि कुठल्या भागात परत उगवला, विचारायचा अवकाश. पण कॉमिकचं पुस्तक तिनं कधी हातात धरलेलं नव्हतं. "मामा, तुझ्या कपाटातलं आधी कुठलं वाचू?" असं तिनं विचारलं आणि मी उत्साहाच्या भरात टिनटिन या पोरसवदा बातमीदाराच्या मालिकेचा अगदी पहिला भाग काढून दिला. सोव्हिएत देशातला, काळा-पांढरा. दहाव्या पानावर बाईसाहेब गाढ झोपलेल्या.

चूक माझीच. कादंबरी पहिल्या पानापासून वाचतात, म्हणून कॉमिक्सही पहिल्या अंकापासून वाचायचं असं आपण धरून चालतो. पण बहुतेक जुन्या कॉमिक्सचे पहिले अंक कच्चे असतात. चित्रकाराचा हात बसलेला नसतो, नायक कोण हेही कधीकधी ठरलेलं नसतं. तिला नंतर जो क्रम लावून दिला, तोच इथे लिहितो आहे.

आधी एवढं ओळखा: हे छापलं कुठे होतं?

पुस्तक हातात आलं की ही सामग्री मुळात कुठे छापली गेली ते पाहा. वाचायचं कसं ते त्यावर ठरतं.

रोजच्या वर्तमानपत्रात तीन-चार चौकटींची पट्टी येते. ती विनोदी असेल तर त्याच दिवशी संपते. साहसकथा असेल तर महिनोन् महिने चालते. साहसकथेच्या पट्टीत पहिली चौकट बहुधा कालचं आठवून देण्यात जाते आणि शेवटची उद्यासाठी अडकवून ठेवते. म्हणून अशी कथा पुस्तकात सलग वाचताना तेच तेच बोलणं पुन्हा ऐकल्यासारखं वाटतं. लेखकाचा दोष नाही तो. त्यानं ते तुम्ही एका दमात वाचाल म्हणून लिहिलंच नव्हतं. दिवसाला दहा-बारा पट्ट्या वाचा, गोडी येईल.

अमेरिकी वर्तमानपत्रांतली रविवारची पट्टी मोठी आणि रंगीत. तिच्यात एक गंमत असते. जागा कमी पडली तर वरची ओळ गाळायची मुभा वर्तमानपत्रांना असायची, त्यामुळे वरच्या दोन चौकटींत चित्रकार एखादा सुटा विनोद टाकून ठेवत. तो गेला तरी खालची गोष्ट उभी राहिली पाहिजे. पुस्तकात रविवारची पानं वाचताना 'सुरुवातीचा विनोद पुढे कुठे गेला?' असा प्रश्न पडला, तर उत्तर हे.

फ्रेंच-बेल्जियन पद्धतीत नियतकालिकात क्रमशः छापून मग जाड पुठ्ठ्याचा अल्बम निघतो. अमेरिकी कॉमिक बुक म्हणजे पिना मारलेला पातळ मासिक अंक. जपानी मांगाचं पुस्तक उजवीकडून डावीकडे. सध्या एवढं पुरे.

सुरुवात चार चौकटींनी

पहिल्या आठवड्यात लांब काही वाचूच नका. चार्ल्स शुल्झचं 'पीनट्स' घ्या. २ ऑक्टोबर १९५० ला ते अमेरिकेतल्या सात वर्तमानपत्रांत सुरू झालं. शुल्झनं मदतनीस न घेता जवळपास पन्नास वर्षांत १७,८९७ पट्ट्या काढल्या. शेवटची रविवारची पट्टी १३ फेब्रुवारी २००० ची, आणि शुल्झ गेला आदल्याच रात्री.

त्याची पहिलीच पट्टी नीट पाहा, कारण चौकटी वाचायच्या कशा ते ती शिकवते. फुटपाथच्या कडेला एक मुलगा आणि एक मुलगी बसलेत. पहिल्या चौकटीत मुलगा म्हणतो, हा बघ आला चार्ली ब्राउन. दुसरीत चार्ली समोरून चाललाय, मुलगा त्याचं कौतुक करतोय. तिसरीत चार्ली चौकटीबाहेर निघालाय, कौतुक चालूच. चौथीत चार्ली नाही. दोघं जिथल्या तिथे बसलेली आहेत आणि मुलगा म्हणतो, किती राग येतो मला त्याचा!

फक्त संवादाचे फुगे वाचून गेलात तर हा साधा विनोद आहे. चित्रं पाहिलीत तर दिसतं की चारही चौकटींत ती दोघं जागची हललेली नाहीत, हलला तो एकटा चार्ली. मित्र समोर असेपर्यंत गोड आणि पाठ फिरली की कडू, हे शुल्झनं एका पोराला चालत नेऊन दाखवलंय. भाचीला मी सांगितलं, प्रत्येक पट्टी दोनदा वाच. दुसऱ्यांदा अक्षरांवर बोट ठेवून, म्हणजे ती झाकून. तिनं आधी तोंड वाकडं केलं, पण केलं.

'पीनट्स'चीही सुरुवात १९५० पासून करायची नाही. साठच्या दशकातला कुठलाही संग्रह उचला. तोवर लुसी, लायनस, श्रोडर सगळे जमलेले आहेत आणि चार्लीचा कुत्रा स्नूपी दोन पायांवर चालायला लागलाय. 'केल्विन अँड हॉब्ज'ला मात्र हा नियम लागू नाही. बिल वॉटर्सन १८ नोव्हेंबर १९८५ च्या पहिल्या पट्टीपासूनच तयारीचा होता. केल्विन ट्यूना सँडविच लावून वाघ पकडतो, आणि तो वाघ, म्हणजे हॉब्ज, केल्विनखेरीज इतर सगळ्यांना कापडी खेळणं दिसतो. साधारण दहा वर्षांनी, ३१ डिसेंबर १९९५ ला, वॉटर्सननं हात थांबवला. कॉफीचे मग, बाहुल्या, टीशर्ट यांवर हॉब्ज छापायला त्यानं परवानगी दिलीच नाही. स्नूपी सगळीकडे दिसतो आणि हॉब्ज दिसत नाही, त्याचं कारण हे.

मराठी घरात याच जातीचं काही हवं असेल तर 'चिंटू' आहेच. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही पट्टी नोव्हेंबर १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाली. वाचता न येणारी मुलंही सकाळी पेपर आधी मागायची, ती तिच्यासाठी. अर्जेंटिनाच्या किनोची 'माफाल्दा' (१९६४ ते १९७३) मिळाली तर सोडू नका. सूपचा तिरस्कार करणारी आणि जगाच्या शांततेची काळजी वाहणारी ही सहा वर्षांची पोर आपल्याकडे उगाच कमी वाचली जाते.

मग वेताळ

आता लांब कथा. मराठी माणसानं ती वेताळापासून सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे. आठवणींचं प्रेम आहेच त्यात, पण सोयही आहे: वेताळाची कुठलीही गोष्ट कुठूनही उचला, तो कोण हे दोन-चार चौकटींत पुन्हा सांगितलेलं असतं. चारशे वर्षांपूर्वी समुद्री चाच्यांनी जहाज लुटलं, एक तरुण किनाऱ्याला लागला, बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून त्यानं शपथ घेतली. तेव्हापासून बापामागून मुलगा तोच पोशाख चढवतो, म्हणून लोकांना वाटतं की हा मरतच नाही. आपण वाचतो तो एकविसावा.

ली फॉकनं हा वेताळ, म्हणजे 'फँटम', १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू केला. जादूगार मँड्रेक त्याच्याही आधीचा, जून १९३४ चा. पहिल्या कथेत फॉकच्या मनात वेगळंच होतं. जिमी वेल्स नावाचा श्रीमंत, आळशी तरुणच रात्री मुखवटा घालतो असं तो सुचवत होता, आणि मग मध्येच विचार बदलून त्यानं कथा जंगलात नेली. पहिल्या कथेपासून वाचणाऱ्याचा गोंधळ होतो तो इथेच. साय बॅरीनं काढलेल्या, १९६१ नंतरच्या गोष्टींपासून सुरुवात करा. रे मूरची सावल्यांनी भरलेली सुरुवातीची चित्रं नंतर पाहा. तोवर नजर तयार झालेली असते आणि ती जास्त आवडतात.

आपल्याकडे वेताळ घरोघर पोचला तो इंद्रजाल कॉमिक्समधून. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमननं मार्च १९६४ मध्ये ही मालिका काढली आणि १९९० पर्यंत तिचे सुमारे आठशे अंक निघाले, मराठीतही. मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी हेही त्यातूनच आले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला आणि चंबळचे डाकू कॉमिक्समध्ये शिरले. इंग्रजी मूळ आणि इंद्रजालची प्रत शेजारी ठेवलीत तर एक गोष्ट डोळ्यांत भरेल. सुरुवातीच्या मूळ कथांत वेताळाचा मुलूख 'बेंगाली' होता. भारतीय वाचकाला ते खटकणार, म्हणून संपादकांनी त्याचं 'डेंकाली' केलं. चाच्यांची 'सिंग' टोळीही 'सिंगा' झाली.

संग्रह घेताना वेताळाचा रंग पाहून गोंधळू नका. आपला जांभळा. इटली, तुर्कस्तान, ब्राझीलमध्ये तो लाल, स्वीडनमध्ये निळा. वर्तमानपत्रातली पट्टी काळी-पांढरी असल्यानं सुरुवातीला रंगाचा प्रश्नच नव्हता. जो तो छापखाना आपापल्या मनानं भरत गेला. अंगठ्या मात्र सगळीकडे सारख्या. उजव्या हातात कवटीची, गुंडांच्या जबड्यावर उमटणारी. डाव्या हातात रक्षणाच्या खुणेची. डावा हात हृदयाजवळ, म्हणून. लहानपणी आम्ही बॉलपेननं कवटी काढून एकमेकांच्या गालावर ठसे मारायचो, आणि दोन-दोन दिवस ते निघायचे नाहीत.

मुलांना देताना एक गोष्ट मोकळेपणानं बोलून टाका. गोरा माणूस जंगलातल्या काळ्या लोकांना न्याय देतो, ही चौकटच तिच्या काळाची आहे. मँड्रेकचा सोबती लोथार सुरुवातीला बिबट्याचं कातडं पांघरून तुटकंमुटकं बोलतो. नंतरच्या वर्षांत तो बरोबरीचा मित्र झाला. टिनटिनचा काँगोतला भाग तर आज वाचवत नाही. लपवण्यापेक्षा सोबत बसून वाचलेलं बरं. माझ्या भाचीनं लोथारबद्दल जो प्रश्न विचारला, तो मला तिच्या वयात सुचलाही नव्हता.

टिनटिन: हा क्रम लावा

एर्जे, म्हणजे बेल्जियमचा जॉर्ज रेमी, यानं टिनटिन १० जानेवारी १९२९ ला ब्रसेल्सच्या एका वर्तमानपत्राच्या मुलांच्या पुरवणीत आणला. एकूण चोवीस अल्बम, शेवटचा अपुरा. त्यातले पहिले दोन बाजूला ठेवा आणि 'सीक्रेट ऑफ द युनिकॉर्न' व 'रेड रॅकम्स ट्रेझर' ही जोडगोळी घ्या. या दोन पुस्तकांची मिळून एकच गोष्ट आहे, त्यामुळे दोन्ही हातात असल्याशिवाय पहिलं उघडू नका. टिनटिनचा दोस्त कॅप्टन हॅडॉक त्याच्या पूर्वजाची लढाई सांगता सांगता स्वतःच तलवार उपसून घरातलं सामान फोडतो. तो प्रसंग आवडला नाही तर टिनटिन तुमच्यासाठी नाही, असं खुशाल समजा.

त्यानंतर चंद्रावरची दोन पुस्तकं. ती १९५३-५४ मध्ये पुस्तकरूपात आली, म्हणजे माणूस खरोखर तिथे पोचण्याच्या पंधरा वर्षं आधी. मग 'टिनटिन इन तिबेट'. त्यात वाटेत दिल्ली लागते, कुतुबमिनार दिसतो आणि रस्त्यात बसलेल्या गाईला ओलांडायच्या नादात हॅडॉकची वरात निघते. या पुस्तकात खलनायकच नाही. बर्फात हरवलेल्या मित्राला शोधायचं, एवढीच गोष्ट.

'द कास्टाफिओरे एमरल्ड' शेवटी ठेवा. वाचायला सोपं आहे, पण आधीची माणसं ओळखीची झाल्याशिवाय त्यातली खुमारी लागत नाही. टिनटिन यात कुठेही जात नाही. सगळं हॅडॉकच्या वाड्यात घडतं. जिन्याची एक संगमरवरी पायरी फुटलेली आहे. हॅडॉक येणाऱ्या-जाणाऱ्याला 'पायरी सांभाळा' म्हणून बजावतो आणि स्वतःच तिच्यावरून घसरून पाय मुरगळून घेतो. गवंड्याला फोन होतो. गवंडी येतो म्हणतो, येत नाही. पुन्हा फोन, पुन्हा नवी सबब. पानामागून पान जातं, पायरी तशीच. ज्यानं घराचं काम एकदा काढलंय त्याला वेगळं सांगायला नको. बेल्जियममधला हा गवंडी आपल्या गल्लीत राहतो असं वाटतं.

टिनटिन वाचताना प्रत्येक पानाच्या उजव्या तळातल्या चौकटीवर लक्ष ठेवा. गोष्ट मुळात तुकड्यांनी छापली जायची, म्हणून तिथे बहुधा कुणीतरी दचकलेलं असतं, दार उघडत असतं, नाहीतर फोन वाजत असतो.

अ‍ॅस्टेरिक्स

इथे नियम एकच: लेखक म्हणून गोसिनीचं नाव आहे ना ते पाहा. रने गोसिनी लिहायचा आणि अल्बेर उडेर्झो चित्रं काढायचा. २९ ऑक्टोबर १९५९ ला 'पिलोट' साप्ताहिकाच्या पहिल्या अंकात त्यांनी रोमनांना न जुमानणाऱ्या, प्राचीन फ्रान्समधल्या (गॉलमधल्या) छोट्या योद्ध्याची ही मालिका सुरू केली. गोसिनी १९७७ मध्ये गेला, तोवर त्याचे चोवीस अल्बम लिहून झाले होते. आधी ते वाचा. नंतरचेही वाईट नाहीत, पण वरणाला फोडणी राहिल्यासारखं वाटतं.

सुरुवात 'अ‍ॅस्टेरिक्स इन ब्रिटन'नं करा. त्यातले ब्रिटन लोक लढाई चालू असली तरी पाचच्या ठोक्याला थांबतात आणि गरम पाण्यात दुधाचा थेंब टाकून पितात, कारण चहाचा शोध अजून लागायचाय. तो कसा लागतो ते पुस्तकात वाचा.

इंग्रजी भाषांतर अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज यांचं आहे, आणि ते मुद्दाम पाहण्यासारखं आहे. फ्रेंचमध्ये कुत्र्याचं नाव 'इदेफिक्स', म्हणजे डोक्यात घट्ट बसलेली कल्पना. त्यांनी 'डॉगमॅटिक्स' केलं. हट्टी मतही आलं आणि कुत्राही आला. भाषांतराचं काम करणाऱ्यानं हे नाव चिठ्ठीवर लिहून टेबलासमोर चिकटवावं.

सुपरहिरो: क्रमांक विसरा

इथे नवखा माणूस हमखास बुडतो. सुपरमॅन १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आला. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन पोरांनी त्याचे हक्क १३० डॉलरना विकले होते. बॅटमॅन पुढच्याच वर्षी, 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या सत्ताविसाव्या अंकात. त्याच्या घडणीत बिल फिंगरचा मोठा वाटा, पण अधिकृत श्रेय मिळायला २०१५ उजाडलं. तोवर नाव एकट्या बॉब केनचं. अंगाला चिकटलेला पोशाख आणि बुबुळं नसलेले पांढरे डोळे मात्र या दोघांच्या आधी वेताळाचे, हे मी भाचीला तीनदा सांगितलं.

या वीरांच्या कथा ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं चालू आहेत, शेकडो हातांनी लिहिलेल्या. सगळं वाचायला गेलात तर जन्म पुरणार नाही आणि वाचावं असं त्यात निम्मंही नाही. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या प्रकाशकांनी स्वतःवर कॉमिक्स कोडची बंधनं घालून घेतली. त्यानंतरच्या काही वर्षांतला बॅटमॅन परग्रहावरच्या प्राण्यांशी आणि रंगीबेरंगी पोशाखांशी झुंजताना दिसला तर घाबरू नका. गुन्हेगारी आणि भीती दाखवायची सोय उरली नव्हती.

म्हणून वीर बघून घेऊ नका, एक पुरी गोष्ट बघून घ्या. स्पायडरमॅनची १९६२ ची पहिली गोष्ट फक्त अकरा पानांची आहे. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटकोनं त्या अकरा पानांत जे बसवलंय, त्यावर आजवर सिनेमे निघतायत. (पहिला अंक वाचू नका, या माझ्या नियमाला हा अपवाद.) बॅटमॅनसाठी फ्रँक मिलर आणि डेव्हिड मझुकेलीचं १९८७ चं 'इयर वन' घ्या. चार अंक, मागचं-पुढचं काही माहीत असायची गरज नाही.

मांगाबद्दल थोडक्यात: ओसामू तेझुका. १९५२ मध्ये सुरू झालेला 'अ‍ॅस्ट्रो बॉय' किंवा, आपल्याला जास्त जवळचं, त्याचं 'बुद्ध'. पुस्तक मागून उघडायचं की पुढून ते आधी तपासा. काही इंग्रजी आवृत्त्यांत पानं उलटवून डावीकडून केलेली असतात. उजवीकडून असेल तर चौकटीतले फुगेही उजवीकडूनच. पहिली वीस पानं डोकं गरगरतं, मग बसतं.

विकत घेताना

नवे संग्रह दुकानात आणि ऑनलाइन मिळतात. इंद्रजालसारखं जुनं मात्र फुटपाथवरच शोधावं लागतं. मुंबईत फ्लोरा फाउंटन आणि माटुंगा, बाकी शहरांत रद्दीची दुकानं. घासाघीस करण्याआधी हे तपासा.

अंक मधोमध उघडा. पिना मारलेल्या अंकात एक कागद म्हणजे चार पानं, आणि सगळ्यांत आधी निखळतो तो मधला. अर्धा कागद फाटून गेला असेल तर त्याच्या पाठपोट दोन्ही पानं गेलेली असतात. पानांचे आकडे मोजा. मुखपृष्ठ छान दिसतंय म्हणून पैसे काढू नका. गंजलेल्या पिना चालतील, कसर लागलेली चालणार नाही, कारण ती तुमच्या कपाटातल्या बाकीच्यांनाही लागते.

बांधीव गठ्ठा दिसला की जास्त सावध राहा. मी एकदा बारा इंद्रजाल एकत्र शिवलेला गठ्ठा मोठ्या आनंदानं घरी आणला. बांधणाऱ्यानं कडा सारख्या दिसाव्यात म्हणून तिन्ही बाजूंनी कटिंग मारलेलं. वरच्या ओळीतल्या फुग्यांची डोकीच उडाली होती. वेताळ अख्ख्या गठ्ठ्यात अर्धवट वाक्यं बोलतो.

घरी आणल्यावर फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते, निघते, आणि शाई सोबत घेऊन जाते. अंक आधाराशिवाय उभे ठेवले तर कणा वाकतो. आडवे, दहा-दहाचे थर करून ठेवा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. सप्टेंबर सरला की एकदा सगळे बाहेर काढून पंख्याखाली वारा द्या, उन्हात नको.

आणि एक वही ठेवा, कोण काय घेऊन गेलं त्याची. माझ्या वहीतली शेवटची नोंद भाचीची आहे. जाताना 'युनिकॉर्न' घेऊन गेली; घाईत दुसरं पुस्तक इथेच राहिलं. परवा रात्री अकरा वाजता फोन: "मामा, खजिना सापडतो का? सांगू नकोस. कुरियर कर."